न थांबणाऱ्या सायकलीची तपासणी

कुठलीही वस्तू हातात आली की भाऊ आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. मग कान जवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वस्तू वाईट न्हाई. पन आपल्याला नको."

वस्तू म्हणजे काहीही. कुकर, कलिंगड, प्लॅस्टिकची खुर्ची, छताचा पत्रा. एकदा आमच्या गल्लीतल्या एका मुलीला बघायला मुलगा आला, तेव्हा तिच्या वडिलांनी भाऊंना मुद्दाम बोलावून घेतलं. भाऊंनी त्या मुलावर टकटक केली नाही, एवढेच काय ते उपकार. पाहुणे गेल्यावर ठरलेलं उत्तर आलं, "पोरगा वाईट न्हाई. पन..." लग्न अर्थात झालं, आणि चांगलं झालं. भाऊ त्या लग्नाच्या पंगतीत जिलबी उजेडाकडे धरून बघत होते.

तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेलच. खरेदीला निघालं की त्याला सोबत घ्यावंसं वाटतं आणि दुकानात पोचलं की कशाला आणला असं होतं. भिंगारच्या बाजारात भाऊ दिसले की भांडीवाला बाहेर मांडलेली पातेली आत घ्यायचा.

आम्ही समोरासमोर राहायचो आणि नोकरीही एकाच ठिकाणी, लष्कराच्या एका भांडारात. मी हिशेबाला, ते तपासणीला. बूट, बादल्या, दोरखंड, ताडपत्र्या, जे येईल ते त्यांच्या टेबलावरून पुढे जायचं, किंवा जायचं नाही. ते मला ताई म्हणायचे. मला सख्खा भाऊ नाही, आणि असता तरी त्याने माझं इतकं डोकं खाल्लं असतं का, शंकाच आहे.

एकदा त्यांनी दोरखंडांची अख्खी गाडी परत पाठवली. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, एका दोराचा पीळ सैल निघाला म्हणून सगळी गाडी नापास?"

"ताई, दोराला आपन लोंबकळनार न्हाई. जो लोंबकळनार त्याला हितं येऊन बघता येत न्हाई. म्हनून आपन बघायचं."

 मी गाडी परत गेल्याची नोंद केली. पण हा माणूस घरी आला तरी त्याच्या डोळ्यांपुढून तो लोंबकळणारा काही हलायचा नाही. गॅस बंद केलाय का हे बघायला ते कोपऱ्यावरून परत यायचे. भीमजयंतीला विहारासमोर लाउडस्पीकर लागायचा, त्याच्या वायरी भाऊ तपासत बसायचे आणि पाहुणे वक्ते खुर्चीत डुलक्या काढायचे. लेकीसाठी दारात झोका बांधला, तर आधी स्वतः बसून पाहिला. झोका तुटला. भाऊ कंबर धरून उठले आणि "बघितलं का? बघितलं का?" म्हणत गल्लीभर फिरले. इतका आनंद त्यांना बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

या माणसाची मुलगी सायकलपटू निघाली.

सुजाता त्यांची एकुलती एक. कॉलेजात गेली आणि सायकलच्या शर्यतीत पहिली येऊ लागली. तिचे कोच म्हणाले, हिचे पाय रस्त्यापेक्षा ट्रॅकचे आहेत, पुण्याला निवड चाचणी आहे, तयारी करा. फक्त एवढंच, की ट्रॅकवर चालते ती सायकल वेगळी. तिला फिक्स्ड गिअर म्हणतात. आपल्या साध्या सायकलीवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. या सायकलीत चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार म्हणजे फिरणारच, तुमची इच्छा असो वा नसो.

सुजाताने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच बसले होते. भाऊंच्या हातातला चहा बशीत सांडला.

"म्हंजे थांबायचंच न्हाई?"

"थांबता येतं, बाबा. पायांनी उलटा जोर द्यायचा, हळूहळू वेग कमी होतो."

"आन ब्रेक?"

"रस्त्यावर चालवायच्या सायकलीला पुढे एक असतो."

"एक," भाऊ म्हणाले. त्यांनी बशी खाली ठेवली आणि चहा प्यायचा विसरून गेले.

खरी ट्रॅकची सायकल घेणं त्यांच्या पगारात शक्यच नव्हतं. पण हल्ली तयार फिक्स्ड सायकली मिळतात, स्वस्तातल्या, खोक्यात घालून घरपोच. शहरातली तरुण पोरं शौक म्हणून घेतात. कोच म्हणाले, सरावाला आणि पहिल्या चाचणीला तसली चालेल, फक्त नीट बघून घ्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. भाऊंना हेच हवं होतं.

पहिली सायकल एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडची जुनी, पिवळ्या रंगाची. भाऊंनी पुण्याला जाऊन ती उलटी केली, चाक कानाशी धरून फिरवलं, बसायच्या जागेची नळी काढून आत टॉर्च मारला. आत गंज होता. ठीक. दुसरी दुकानातली, नवी कोरी, चाकं एक लाल, एक निळं. तिच्या स्टिकरखाली नख घालून त्यांनी जोड बघितला. वितळवून बुजवलेला खड्डा निघाला. तेही ठीक. पण तिसरी? तिसरीत मलाही काही खोट दिसली नाही आणि त्यांनाही. ते तिच्याभोवती फिरत राहिले. दुकानदार एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा घड्याळाकडे. शेवटी तेच वाक्य आलं, आणि या वेळी मला हसू आलं नाही. चाचणी जवळ येत होती. या सायकलीवर नुसतं बसता येऊन भागत नाही, पायांना तिची सवय लागायला आठवडे जातात. ते आठवडे भाऊ एकेक करून नापास करत होते.

त्या दिवशी घरी आल्यावर सुजाता म्हणाली, "बाबा, तुम्ही सायकली नापास करताय की मला?"

भाऊंनी टॉर्च पुसून खिशात घातला. उत्तर दिलं ते वहिनींनी. वहिनी एरवी फार बोलत नसत. "तुमी बसा टॉर्च मारत. पोरीचं वय काय तुमच्या तपासनीसाठी खोळंबनार हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ते मला म्हणाले, "ताई, सपनात चाकं दिसत्यात. फिरतच ऱ्हात्यात."

मी म्हटलं, "मग एक खरं चाक घरात आणा, म्हणजे स्वप्नातली थांबतील." हे मी उगाच तोंडाला आलं म्हणून बोलले. पण त्यांनी खरंच तिसरी सायकल मागवली.

खोकं आलं त्या रविवारी दुपारी त्यांनी अंगणात ताडपत्री अंथरली आणि सायकलीचा प्रत्येक सुटा भाग तिच्यावर मांडला. सगळी गल्ली जमली. कोणी खुर्च्या आणल्या. भाऊंनी चाकाच्या आसातले छर्रे काढले आणि बोटावर घेऊन दाखवले, "ग्रीस बघा. नुसतं वासापुरतं लावलंय." ते पुसून नवं भरलं. फ्रेमचे जोड चाचपले, जाड, ओबडधोबड, पण सलग. पायडल प्लॅस्टिकचे. वजन दांडगं. ब्रेकच्या रबराला नख लावलं तर नखच वाकलं. ती रबरं तेवढी त्यांनी बाजारातून दुसरी आणून बसवली, आणि ब्रेकची तार तर तीनदा काढून घातली.

संध्याकाळी निकाल लागला. "स्वस्त वेगळं आन खोटं वेगळं," भाऊ हात पुसत म्हणाले. "हिच्यात जिथं पैसा वाचवलाय तिथं उघड दिसतंय. रंग मारून झाकलेलं न्हाई. किमतीच्या मानानं इमानदार हाय."

त्यांच्या तोंडून इतकं कौतुक मी माणसाचंही ऐकलेलं नव्हतं. सुजाताने सायकलीकडे हात नेला तर म्हणाले, "थांब. आधी मी."

मग निवृत्तीला टेकलेला हा गृहस्थ, पँटला खाली रबरबँड लावून, त्या सायकलीवर बसला. गल्लीच्या टोकापर्यंत छान गेले. तिथे सवयीप्रमाणे पाय थांबवले. सायकलीने पाय थांबू दिले नाहीत. भाऊ आधी उभे राहिल्यासारखे वर उचलले गेले, मग बाजूला मेंदीच्या कुंपणात गेले. आम्ही धावलो. कोपर सोलवटलं होतं. आम्ही सगळे हसत होतो, आणि मीही पोट धरून हसले, पण मेंदीची पानं झटकणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला होता. पडल्याची त्यांना फिकीर नव्हती. ते सुजाताकडे बघत होते.

सराव सुरू झाला. सुजाता पहाटे जामखेड रस्त्याला जायची. पहिले काही दिवस भाऊ स्कूटरवरून तिच्या मागे. हेल्मेट, पाने, पट्ट्या, पाणी. तिने हात जोडून त्यांना घरी बसवलं. मग ते फाटकाशी उभे राहू लागले. मी दूध घ्यायला दार उघडलं की समोर भाऊ, हाताची घडी घातलेली, रस्त्याच्या वळणावर नजर. "आल्ती का?" असं मलाच विचारायचे. जशी काही ती माझ्या स्वयंपाकघरातून येणार होती.

एका सकाळी त्यांना राहवलं नाही म्हणून ते पुढे चढापर्यंत चालत गेले आणि त्यांनी तिला पलीकडचा उतार उतरताना पाहिलं. उतारावर या सायकलीत पाय असे गरागरा फिरतात की बघवत नाही. सुजाताला त्यात काही वाटत नव्हतं. तिचे पाय आता त्या चाकाशी बोलायला शिकले होते. भाऊंना मात्र फक्त ते पाय दिसले.

त्या सायकलीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दातेरी चकत्या होत्या. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला साधी, आपल्या सायकलीसारखी. ज्याला हवं त्याने चाक काढून उलटं बसवावं, अशी सोय. दुपारी सुजाता कॉलेजला गेलेली असताना भाऊंनी चाक काढलं, उलटं बसवलं, आणि कोणाला काही सांगितलं नाही. नंतर मला म्हणाले, "वाटलं, कंपनीनंच दिलंय म्हंजे वाईट कसं आसंल? उतारावर पोरीच्या पायाला जरा इसावा." तिला कळेल, ती रागावेल, मग सवय होईल, असा हिशेब. आयुष्यभर वस्तू तपासणाऱ्या माणसाने जोडलेली वस्तू न तपासता, न सांगता दिली, ती ही एकच.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. घरापासून चढ लागतो, तेव्हा पाय सतत मारावेच लागतात. सुजाताला काही कळलं नाही. चढ संपून उतार लागला, पुढे कांद्याचा एक टेम्पो वळत होता. तिने सवयीने पायांनी उलटा जोर दिला. पायाखाली काहीच लागलं नाही. आपण जिना चढताना आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा तसं. तोल गेला. हात ब्रेकवर गेला, ब्रेक लागला, आणि ती रस्त्याकडेच्या खडीत आडवी झाली. टेम्पोवाला भला माणूस. तिला आणि सायकलीला घेऊन घरी आला. मनगट टम्म सुजलं होतं, गुडघ्यावरून रक्त.

"पायडल सुटलेच एकदम," सुजाता म्हणाली. 

आता तुम्ही आमची गल्ली डोळ्यांपुढे आणा. "स्वस्तातलं ते स्वस्तातलंच." "भंगारात घाला." "पोरीचा जीव महत्त्वाचा." वहिनींनी तर सायकल लाथेने पाडली. कोचांचा फोन आला, तेही म्हणाले, "जाऊ द्या आता. तसल्या सायकलीवर परत बसवू नका. पुढच्या वर्षी बघू."

भाऊ भिंतीला टेकून उभे होते. मला तेव्हा काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. सायकल आपोआप नापास झाली असती. पोरगी घरात राहिली असती, हातपाय धड. ते रोज मनात हेच मागत होते, आणि ते चालत दारात आलं होतं. टाकलेल्या मालाबद्दल कोण कशाला विचारणार?

त्यांनी सायकल उचलून उभी केली. "हिचा दोष न्हाई," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की टेम्पोवाल्याने "काय?" म्हणून विचारलं. "सायकल चांगली हाय. चाक मी फिरवलं."

 लोक एकेक करून उठले. सुजाता वडिलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चाक परत बसवा. मी बघत बसते." भाऊंनी तिच्या समोर चाक बसवलं.  तिने डाव्या हाताने चाक फिरवलं, कान जवळ नेला आणि सायकल घेऊन आत गेली. त्यानंतर चाचणीपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. कोचांना तिने स्वतःच फोन करून सांगितलं की मी येणार आहे.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. वहिनी म्हणाल्या, माझ्यानं बघवायचं न्हाई, तुमी जावा ताई, आन ह्यांच्याकडं लक्ष ठेवा.  सायकल एसटीच्या टपावर बांधली होती, आणि प्रत्येक थांब्यावर ते उतरून वर बघून यायचे.

ट्रॅक मी पहिल्यांदाच पाहिला. वळणावर तो भिंतीसारखा वर चढलेला असतो, आणि त्या भिंतीवरून पोरं सायकली नेतात. भाऊंनी एकदा पाहिलं आणि खाली बघितलं. तेवढ्यात सायकली तपासणारा तरुण पंच आमच्यापाशी आला. फ्रेमवर हात फिरवला, चाक हलवून पाहिलं, चेन दाबली. भाऊ त्याच्या हाताकडे बघत होते, जाणत्या नजरेने. मग पंच म्हणाला, "सगळं ठीक. हा ब्रेक काढा."

"काय?"

"ट्रॅकवर ब्रेक चालत नाही, काका. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे पडतात."

"पन ती तर एकटीच पळवनार हाय. वेळ लावूनच घेनार ना तुमी?"

"नियम आहे, काका. ब्रेक असेल तर सायकल नापास."

नापास हा शब्द भाऊंनी हजारो लोकांना ऐकवला असेल. आता तो ऐकून घेताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मनगटाला पट्टी असल्यामुळे सुजाताला पाना आवळून धरता येत नव्हता. तिने पिशवीतून पाना काढला आणि वडिलांपुढे धरला.

"बाबा, काढा."

इतक्या दिवसांनंतरचा तिचा पहिला शब्द. भाऊ खाली बसले. ज्या ब्रेकने उतारावर तिचा वेग तोडला होता तो, ज्याची तार त्यांनी तीनदा काढून घातली होती तो. त्यांनी तो सोडवला, हँडलवरच्या दांडीपासून रबरापर्यंत, तारेसकट एका तुकड्यात. पंचाने मान हलवली. सुजाता सायकल घेऊन गेली. तिने मागे वळून पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही, मी भाऊंचा दंड धरून ठेवला होता.

निवड झाल्याचं संध्याकाळी कळलं. पुढे ती बरीच खेळली, भाऊ गेल्यावरही खेळली. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

तिचा नंबर आला. शिट्टी झाली. भाऊ कठड्याला उभे होते आणि त्यांच्या हातात तो काढलेला ब्रेक तसाच होता, तार खाली लोंबत. सुजाता पहिल्या वळणाला भिंतीवर चढली आणि भाऊंची मूठ आवळली. ब्रेकची दांडी दाबली गेली. वळण संपलं, मूठ सैल झाली. पुढचं वळण आलं, परत आवळली. त्यांना ते कळत नव्हतं. शेजारची मुलं हसायला लागली, मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली.  प्रत्येक वळणाला हा माणूस उन्हात उभा राहून ती दांडी दाबत होता, जीव खाऊन, जणू ती तार तिथून थेट लेकीच्या चाकापर्यंत गेलेली आहे.

पंचांनी घड्याळ थांबवलं. पण ही सायकल लगेच थांबत नाही. सुजाता पायांनी वेग मोडत, खाली खाली उतरत, आणखी फेऱ्या मारत राहिली. शेवटी गवताशी आली, एक पाय टेकला आणि आमच्याकडे बघून पट्टी बांधलेला हात वर केला.

"थांबली, भाऊ," मी म्हटलं. "थांबली ती. सोडा आता."

त्यांना सोडता येईना. बोटं तिथेच आखडून बसली होती. मग मीच त्यांचा हात हातात घेतला आणि एकेक करून बोटं उघडली.